आवाजाचे दोन वाटे

१

मुजफ्फरच्या मोबाईलमधलं त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग गायब झालंय, हे मंदिर समितीच्या भर बैठकीत उघडं पडलं आणि त्याची मुलगी कैनात एका क्षणात लबाड ठरली. मेलेल्या बापाचा खोटा आवाज बनवणारी, असं लोक तिच्या तोंडावर म्हणाले.

आमचं डोहगाव पुणतांब्याच्या पुढं, गोदावरीच्या काठावर. देवळात सकाळच्या पूजेला सनई वाजते ती मुजफ्फरच्या घराण्याची. त्याच्या आज्याच्याही आधीपासून हा मान त्यांच्याकडे आहे आणि गावात कुणाला त्यात नवल वाटत नाही. मुजफ्फर यंदा उन्हाळ्यात गेला. त्याला मुलगा नाही. एक मुलगी, कैनात, आणि एक पुतण्या, फैयाज. दोघंही त्याच्याच हाताखाली शिकलेले. मग मान कुणाचा?

कैनातनं समितीला एक पेनड्राइव्ह दिला. त्यात आधी थोडी सनई होती आणि मग मुजफ्फर म्हणत होता, "माझ्यामागं देवळाची सनई कैनातनं वाजवायची." शब्द स्पष्ट, पण आवाज असा, की कुणी विहिरीत वाकून बोलतंय. अध्यक्ष आबासाहेबांनी ती फाईल पुण्याच्या एका जाणकाराकडे धाडली. त्याचा अहवाल मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी समितीचा चिटणीस, शिवाय निवृत्त मराठी शिक्षक. आवाज पोकळ आहे, तो कॉम्प्युटरनं घडवलेला असावा. शिवाय खोलीतल्या पंख्याची गुणगुण बोलण्याच्या आधी एक आणि बोलण्याखाली दुसरीच आहे. सबब हे वाक्य बाहेरून आणून चिकटवलेलं आहे.

"मूळ फाईल दाखव," आबासाहेब म्हणाले.

कैनातनं बापाचा मोबाईल उघडला. वर पाहिलं, खाली पाहिलं. फाईल नव्हती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला. "अब्बा अजून बी काही बोलले हुते," ती पुटपुटली, तसे मागं बसलेले दोघं-तिघं फिदीफिदी हसले. मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण चिटणिसाला हात उगारता येत नाही.

सोमवारी निकाल, असं ठरलं. मी घरी आलो आणि आक्काला फोन लावला.

२

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राहीबाई. राहुरीला असते. धान्याच्या पोत्याला माईक लावून आत कीड पडली का, हे ती आवाजावरून सांगते. त्यात तिनं डॉक्टरेट केली तेव्हा आमच्या चुलत्यांनी विचारलं होतं, किडे ऐकायला एवढं शिकावं लागतं का? आज सांगतो, लागतं. माझी बहीण आहे म्हणून म्हणत नाही, पण तिच्याइतका कान आणि तिच्याइतकी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. स्वभाव मात्र असा, की आपण तळमळत असावं आणि हिनं शांतपणे भुईमुगाच्या शेंगा सोलाव्यात.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुजफ्फरच्या घरी गेलो. त्याची बायको रेश्मा दारातच रडायला लागली. "आक्का, ह्ये गेले तवा लोक मला 'धीर धर' म्हनत हुते. आता तेच लोक पोरीकडं बघून तोंड फिरवत्यात. मान न्हाई मिळाला तर न्हाई. पन माझी पोर खोटी न्हाई हो."

"तेच बघायला आलेय मी," आक्का म्हणाली आणि खाटेवर बसली. वर पंखा फिरत होता. "कैनात, रेकॉर्डिंग याच खोलीत झालं?"

"व्हय. अब्बा आजारी हुते, पन वाजवायचं सोडलं न्हवतं. ते वाजवायचे, मी दुसऱ्या सनईवर सूर धरायची. एकच सूर, सलग."

"मधे श्वास?"

"तोंडानं न्हाई घ्यायचा. गालात हवा साठवायची, ती सोडत ऱ्हायची नि नाकानं आत घ्यायची. उस्तादानं हात वर केल्याबिगर सूर तोडायचा न्हाई, असा नेमच हाय आमचा. डोळे मिटलेले असत्यात. त्या दिवशी अब्बांनी मधीच सनई खाली घेतली नि बोलले. मी सूर धरूनच हुते."

"मग समितीच्या फाईलीत सूर कुठं आहे?"

"अब्बांचे शब्द सुरात बुडत हुते. म्हनून कोपरगावला ओंकारदादाच्या स्टुडिओत मोबाईल दिला, नीट करून द्या म्हनलं. त्यांनी पेनड्राइव्ह दिला, तोच मी समितीला दिला. मोबाईल उघडून बघितलाच न्हाई. अब्बांचा आवाज ऐकवत न्हवता."

आक्कानं विचारलं, "ते अजून काही बोलले होते म्हणालीस."

कैनातनं मान खाली घातली. "फाईलीत न्हाई ते. आता मलाच वाटतं, आपल्या मनाचंच असंल."

"काय बोलले ते मला सांगू नकोस. आईलाही नको. मी सांगेपर्यंत कुणालाच नको."

मला काही ही अट कळली नाही. पण आक्का पुढच्या प्रश्नावर गेली होती. "त्या दिवशी रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली होती का?"

"न्हाई," मायलेकी एकदमच म्हणाल्या.

चहा आला. पितापिता कोपऱ्यात कुठंतरी टक् झालं आणि पंखा जरा घोगरा घुमायला लागला. आक्कानं बशी खाली ठेवली. "आत्ता लाईट गेली का?"

"न्हाई आक्का," रेश्मा नवलानं म्हणाली, "पंखा चालू हाय की."

मीही मान डोलावली. आक्कानं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी पाढा चुकल्यावर पाहायची तसं. मग मोबाईल काढून तिनं पंख्याचा आवाज भरून घेतला. एका पोरीची अब्रू पणाला लागलेली आणि ही पंखा ऐकत बसलेली. रागच आला मला.

३

ओंकारचा स्टुडिओ कोपरगावच्या बाजारपेठेत, एका मोबाईलच्या दुकानावरती. लग्नाचे व्हिडिओ, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीच्या जाहिराती, असं सगळं तो करतो. पोरगा हुशार आहे. आमच्याच शाळेतला, त्यामुळं मला पाहून उठून उभा राहिला.

"गुरुजी, मी काहीच केलं नाही. फक्त आवाज वाढवून दिला."

आक्कानं लॅपटॉप उघडून समितीची फाईल लावली. मुजफ्फर विहिरीतून बोलला.

"फक्त आवाज वाढवलास?"

"हो मॅडम."

"आवाज वाढवला तर सूरही वाढायला पाहिजे. इथं सूर नाहीच."

ओंकारनं रुमाल काढला. खोलीत एसी चालू होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. "मुळात बारीकच असेल. जुना मोबाईल होता त्यांचा."

"आणि मूळ फाईल?"

"मोबाईलमध्येच असेल ना. मी कशाला काढू?"

मला वाटलं आता आक्का त्याला धारेवर धरणार. पण तिनं लॅपटॉप मिटला, स्टुडिओची तारीफ केली, माईक कुठून आणला ते विचारलं, आणि निघताना सहज म्हणाली, "इथं सनईवाले येतात का कधी?"

"फैयाज येतो की. लग्नाच्या सुपाऱ्यांचं त्याचं रेकॉर्डिंग मीच करतो," ओंकार म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

जिना उतरताना मी म्हणालो, "बस्स! फैयाजनं याला हाताशी धरलं. दोघांनी मिळून पोरीला फसवलं."

"वैजू, तू शाळेतही उत्तर आधी लिहायचास आणि गणित नंतर करायचास."

"मग हा खोटं बोलतोय ते?"

"बोलतोय. पण हे डाव रचणाऱ्याचं खोटं नाही. घाबरलेल्याचं आहे."

४

फैयाज गावाबाहेर, त्याच्या पत्र्याच्या शेडपुढं रियाजाला बसला होता. आम्हाला पाहूनही त्यानं सनई खाली घेतली नाही. माझा त्याच्यावर राग होता, तरी कबूल करतो, तो सुरेख वाजवत होता. शेजारी एक छोटा स्पीकर ठेवलेला, त्यातून सूर येत होता. लांबलचक, उबदार, सलग. आक्का डोळे मिटून ऐकत राहिली. एका जागी तिच्या कपाळाला आठी पडली. थोड्या वेळानं सूर फिरून पहिल्यापासून सुरू झाला, पुन्हा ती जागा आली, पुन्हा आठी.

वाजवणं संपल्यावर फैयाजनं तोंड पुसलं. "बोला गुरुजी. माझी बी चौकशी हाय का?"

"आहे," आक्का म्हणाली. "कैनातनं आवाज बनवला असं तुला वाटतं?"

"मला काय वाटनार? काकांच्या हाताखाली मी तिच्या आधीपासनं हाय. त्यांची सनई मी उचलायचो, तिच्या तोंडाची पाल्याची पत्ती मी भिजवायचो. नि मरताना ते माझं नाव बी घेत न्हाईत? मला ते खरंच वाटंना. मग पुण्याचा कागद आला, तवा वाटलं, बरं झालं. खोटंच हुतं म्हनायचं." त्यानं सनई मांडीवर आडवी ठेवली. "पन कैनात खोटं बोलत असंल, ह्ये बी मनाला पटत न्हाई. लहानपनापास्नं बघतोय तिला."

"हा सूर कुठला?"

"ओंकारदादानं दिला. माझा सूर धरनारा पोरगा पुण्याला कामाला गेला. म्हनलं, पेटीचा सूर दे एखादा. तर त्यो म्हनला, ह्यो घे, पडूनच हाय माझ्याकडं. लई जिवंत सूर हाय, आक्का. पेटीला ही ऊब कुठली? कुनी धरलाय कुनास ठाऊक."

"एका जागी गिळल्यासारखा होतो."

फैयाज चमकला. "तुमाला कळलं? व्हय. मधीच आत गेल्यावानी व्हतो, नि परत वर येतो."

"पेनड्राइव्ह देशील मला? ओंकारनं जसा दिला तसाच."

त्यानं आक्काकडे पाहिलं. "माझ्याविरुद्ध वापरनार का?"

"कदाचित."

नदीच्या बाजूनं वारं येत होतं. फैयाजनं स्पीकरमधून पेनड्राइव्ह उपसला आणि आक्काच्या हातावर ठेवला. "खरं असंल तर वापरा," तो म्हणाला. त्या घडीला माझा त्याच्यावरचा राग गेला.

गाडीतच आक्कानं लॅपटॉप उघडला. समितीची फाईल आणि फैयाजची फाईल एकाखाली एक ठेवल्या. एकीत बोलणं, एकीत सूर. दोन्हींची लांबी तंतोतंत सारखी होती.

५

रविवारी सकाळी आक्का आमच्या ओट्यावर काम करत बसली. मी दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा मात्र समोर ठाण मांडून बसलो. "आता समजावून सांगितल्याशिवाय मी हलत नाही."

तिला बहुधा तेच हवं होतं. "हे बघ. आवाज अख्खाच्या अख्खा तपासता येत नाही, त्याचे बारीक तुकडे करावे लागतात. पण सुरीनं कापल्यासारखे सरळ कापले, तर कापलेल्या कडाच खरखर करतात. म्हणून प्रत्येक तुकडा दोन्ही कडांना विरत न्यायचा आणि शेजारच्या तुकड्यावर चढवायचा. आपल्या छपराची कौलं कशी आहेत?"

"एकावर एक चढवलेली."

"तसंच. एक तुकडा विरतो तिथं दुसरा भरत येतो, आणि बेरीज सगळीकडे सारखी राहते. अशा तुकड्याला आम्ही खिडकी म्हणतो. खिडकी रुंद ठेवली तर आवाज कुठला ते नेमकं दिसतं, पण कधी ते पसरट होतं. अरुंद ठेवली तर उलट. पुण्याच्या साहेबांनी रुंद ठेवली. म्हणून गुणगुण बदलली ती नेमकी बोलण्याबरोबरच, असं त्यांना दिसलं. मी अरुंद केली. आता बघ."

पडद्यावर रंगांचे पट्टे होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं बोट ठेवलं तिथं एक बारीक उभी रेघ होती. "इथं टक् झालं. मग गुणगुण बदलली. मग थोडी शांतता. आणि मग मुजफ्फर बोलला. बदल आधी झाला, बोलणं नंतर."

"आणि विहिरीतला आवाज?"

"झोपाळ्यावर बसलेल्या माणसाबद्दल दोन गोष्टी सांगता येतात. झोका किती मोठा, आणि या क्षणी तो पुढं आहे की मागं. आवाज म्हणजे असे पुष्कळ झोके एकत्र. झोका पुढं की मागं, याला आमच्यात कला म्हणतात. ओंकारच्या सॉफ्टवेअरनं बोलण्याचे झोके किती मोठे ते बरोबर ओळखलं आणि सुरापासून वेगळे काढले. पण पुढं की मागं, ते सूर आणि बोलणं मिसळलेलं होतं तसंच ठेवलं. माणूस खरा, झोकेही त्याचेच, पण पुढं-मागं होणं दुसऱ्याचं. म्हणून पोकळ वाटतं. कॉम्प्युटरचा हात लागलाय हे साहेबांनी बरोबर ओळखलं. कशाला लागलाय ते चुकलं."

"मग खरा आवाज गेलाच म्हणायचा," मी हिरमुसून म्हणालो.

"गेला असता. पण या सॉफ्टवेअरची एक गोष्ट मला फार आवडते. ते काही फेकत नाही, फक्त वाटणी करतं. जे बोलण्याच्या वाट्याला आलं नाही, ते सुराच्या वाट्याला जातं. एका वाट्यात चूक जेवढी जास्त, तेवढीच दुसऱ्यात कमी. दोन्ही वाटे एकमेकांवर अचूक ठेवून बेरीज केली, की चूक जाते आणि कलेसकट मूळ आवाज परत येतो."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. एक वाटा समितीच्या कपाटात, दुसरा फैयाजच्या स्पीकरमध्ये, आणि ही बाई राहुरीहून येऊन त्यांची बेरीज करणार. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी तिसरा चहा करायला उठलो.

परत आलो तेव्हा तिनं कानाला हेडफोन लावले होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आक्काला मी वडील गेले तेव्हाच रडताना पाहिलं होतं.

"काय ऐकलंस?"

"सोमवारी," एवढंच ती म्हणाली.

६

सोमवारी देवळाचा सभामंडप भरून गेला. आबासाहेब मधे, एका बाजूला कैनात आणि रेश्मा, दुसऱ्या बाजूला फैयाज. ओंकारला मी स्वतः जाऊन आणलं होतं, तो खांबाआड बसला होता.

आक्कानं सुरुवात त्याच्यापासून केली. "ओंकार, बोलणं आणि सूर वेगळं करण्याचं काम तू छान केलंस. मग फक्त आवाज वाढवला असं का म्हणालास?"

ओंकार उठला. "मॅडम, मोबाईल भरला होता, म्हणून मी फाईल कॉपी न करता हलवली. नंतर माझा कॉम्प्युटर बिघडला आणि मूळ फाईल गेली. पुण्याचा अहवाल आला तेव्हा वाटलं, मी खरं सांगितलं तर सगळं माझ्यावर येईल. कैनात, चुकलो मी."

कैनातनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मंडपात कुजबुज वाढली. आबासाहेबांनी हात वर केला.

"म्हणजे आवाज पोकळ का, ते कळलं. पण राहीबाई, पंख्याचं काय? बोलण्याखाली पंखा दुसरा कसा?"

"पंखा तोच, आबासाहेब. वीज दुसरी. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला. इन्व्हर्टरची वीज वेगळा ठेका धरून येते, त्यामुळं गुणगुण एकदम उडी मारते आणि पंखा घोगरा होतो. रेश्माच्या घरी माझ्यासमोर तसंच झालं." तिनं दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. मलाही कळावं इतकी ती सारखी होती. "मी विचारलं, लाईट गेली का? रेश्मा म्हणाली, न्हाई. आमच्या गुरुजींनीही मान डोलावली. तुमच्यापैकी कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. पंखा फिरतोय तोवर लाईट गेली असं आपण मानतच नाही."

सगळे हसले. मीही हसलो, इलाज नव्हता.

"आता हा सूर बघा. गुणगुणीनं जिथं उडी मारली, तिथं सुराची कला सरळ पुढं गेलीय. एवढासाही खंड नाही. रेकॉर्डिंग तोडून जोडलं असतं, तर सूरही तिथंच तुटला असता."

आबासाहेब कच्चे नव्हते. "सूर खरा मानू. पण सूर चालू असलेल्या रेकॉर्डिंगवर कुणी वरून खोटं वाक्य चढवलं असेल तर?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"बरोबर विचारलंत," आक्का म्हणाली. "कैनात, पुढं ये. अब्बा अजून काय बोलले होते, ते आता फक्त आबासाहेबांच्या कानात सांग."

कैनात उठली. तिनं वाकून आबासाहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती परत जागेवर बसली. आबासाहेबांचा चेहरा होता तसाच राहिला.

"आता जे ऐकाल, त्याचा एक वाटा समितीच्या कपाटातला आहे आणि दुसरा फैयाजच्या पेनड्राइव्हमधला. त्या दुसऱ्या वाट्याला कैनातचा हात कधी लागलेला नाही. आणि फैयाजनं तो तिच्या बाजूनं बनवला असेल, असं इथं कुणीही म्हणणार नाही."

फैयाजनं मान वर केली. आक्कानं बटण दाबलं.

आधी सनई आली. मुजफ्फरची सनई, खाली तो उबदार सूर. मग टक्. पंखा घोगरा झाला. सनई थांबली, सूर चालू राहिला, आणि मुजफ्फर बोलला. विहिरीतून नाही. समोर बसून, खोकल्यानं थोडा बसलेल्या, आमच्या ओळखीच्या आवाजात. रेश्मानं पदर तोंडात कोंबला.

"माझ्यामागं देवळाची सनई कैनातनं वाजवायची."

आणि सूर थरथरला. वाक्य संपता संपता तो हलला, बारीक झाला, आता तुटणार असं वाटलं. पोर सूर धरूनच रडत होती, हे मंडपातल्या प्रत्येकाला कळलं. तेवढ्यात मुजफ्फर पुन्हा बोलला, अगदी हळू, सुराच्या पट्टीतच, जणू तिच्याजवळ सरकून.

"रडू नको. सूर धर. फैयाजला संगं घे."

थरथर हळूहळू निवली. सूर पुन्हा सरळ झाला.

आक्कानं बंद केलं. "हे शेवटचे शब्द इतके हळू होते, की सॉफ्टवेअरनं ते सुराच्याच वाट्याला टाकले. तिथं ते सुराखाली दबले, म्हणून फैयाजला रोज ऐकूनही सूर फक्त गिळल्यासारखा वाटला. वरून वाक्य चढवणाऱ्याला शब्द चढवता येतील, आबासाहेब. पण आधीच भरलेला सूर ते शब्द ऐकून रडला कसा असता?"

आबासाहेबांनी चष्मा काढला. "पोरीनं माझ्या कानात हेच सांगितलं. शब्दाला शब्द." त्यांनी कैनातकडे पाहून हात जोडले. "बेटा, आम्ही तुझा लई अपमान केला. माफ कर."

पण कैनातचं तिकडे लक्ष नव्हतं. ती फैयाजकडे पाहत होती. तो गुडघ्यात डोकं घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"मला वाटलं, काकांनी माझं नावच न्हाई घेतलं," तो म्हणाला. "नि मी रोज ह्याच सुरावर वाजवत हुतो. तुझ्याच."

७

मंगळवारी सकाळी पूजेला मी जरा लवकरच गेलो. आक्का राहुरीला निघायची होती, पण तीही आली. ओंकारनं स्वतः येऊन माईक लावला होता, पैसे घेणार नाही म्हणाला. मी त्याला चार शब्द सुनावले आणि मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सनईच्या ओट्यावर कैनात बसली. तिच्या हातात मुजफ्फरची सनई. तिच्यामागं, एक पायरी खाली, फैयाज बसला. लग्नांत इतकी वर्षं पुढं बसून वाजवणारा माणूस, त्यानं सुराची सनई ओठांना लावली आणि डोळे मिटले. त्याला ते सोपं गेलं नसणार. मी मनातल्या मनात त्यालाही हात जोडले.

सूर सुरू झाला. कैनातनं श्वास घेतला आणि वाजवायला लागली.

पूजा अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. माईक बंद पडला, गाभाऱ्यातला दिवा तेवढा राहिला. देवळाला इन्व्हर्टर नाही. मी फैयाजकडे पाहिलं. त्यानं डोळे उघडले नव्हते. कैनातचा हात अजून वर गेलेला नव्हता आणि सूर चालू होता.